अमेरिकेतली पोलिस-सुधारणा: आपल्या गावापासून सुरुवात कशी करायची?

गल्लीकर (धागाकर्ता)

२५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाने मान गुडघ्याखाली दाबून धरल्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला. तेव्हापासून इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी गटांत वर्णन्यायावर बोलणं बरंच झालं. 'काय वाचू', 'पैसे कुठे देऊ' हे दोन प्रश्न येतात आणि गाडी तिथेच अडते. हा धागा त्याच्या पुढच्या कामासाठी. इथे कृपया घोषणा नकोत. कागद कुठला, तो कुठे मिळतो आणि कुठे फसगत होते, एवढंच लिहा.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेत 'पोलिस' असं एक खातं नाही. सुमारे १८,००० वेगवेगळी खाती आहेत: गावाची, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफची, राज्याची, विद्यापीठाची, रेल्वेचीसुद्धा. भारतात जसा गृहमंत्र्याकडून पोलिस महासंचालकाकडे आणि तिथून खाली ठाण्यापर्यंत हुकूम जातो, तशी उतरंड इथे नाही. गावच्या पोलिसप्रमुखाला नेमतो महापौर किंवा सिटी मॅनेजर, आणि शेरीफ बहुतेक ठिकाणी थेट निवडून येतो. म्हणून वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसण्यापेक्षा गावाचे चार कागद काढा: पोलिस युनियनचा करार, बळाच्या वापराचं धोरण, गाड्या अडवल्याची नोंद आणि बजेट. चारही कागद वाचलेला माणूस नगरपरिषदेच्या सभेत दोन मिनिटं बोलला तरी त्याला उत्तर द्यावं लागतं.

शंकासुर

वॉशिंग्टनला इतकं मोडीत काढू नका. मिझुरीतल्या फर्ग्युसन गावाच्या पोलिसांचे वाभाडे केंद्रीय न्याय खात्यानेच काढले ना?

कलम१९८३

काढले, आणि तो अहवाल अजूनही वाचण्यासारखा आहे. मार्च २०१५ चा. फर्ग्युसनमध्ये कृष्णवर्णीय लोक ६७ टक्के, पण अडवलेल्या गाड्यांत ८५ टक्के, दंडाच्या पावत्यांत ९० टक्के आणि अटकांत ९३ टक्के. त्याहून बोलकं म्हणजे गावाचं उत्पन्न वाढवण्यासाठी पोलिस आणि कोर्ट कसे जुंपले होते, ते अधिकाऱ्यांच्या ईमेलमधूनच त्यात बाहेर आलं. गवत वाढलं, दंड. दंड भरला नाही, वॉरंट. वॉरंट आहे, म्हणून अटक.

पण न्याय खात्याचा हा अधिकार कसा चालतो तेही समजून घ्या. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी मारहाण केली. पोलिस १९९२ मध्ये सुटले, शहर पेटलं, आणि १९९४ च्या कायद्यात न्याय खात्याला एखाद्या पोलिस खात्याच्या एकूण वागण्याची चौकशी करून खटला भरायचा अधिकार मिळाला. त्यातून कोर्टाच्या देखरेखीखालचा करार होतो, त्याला कन्सेंट डिक्री म्हणतात. पहिली पिट्सबर्गची, १९९७ मध्ये. हा अधिकार 'वापरता येईल' असा आहे, 'वापरलाच पाहिजे' असा नाही. मिनियापोलिसचा करार जानेवारी २०२५ मध्ये कोर्टात दाखल झाला. मे महिन्यात नव्या सरकारच्या न्याय खात्याने तो मागे घ्यायचा अर्ज केला आणि न्यायाधीशांनी खटला निकाली काढला. शहर मोकळं झालं नाही ते एकाच कारणाने: मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क विभागाने आपला वेगळा करार २०२३ मध्येच कोर्टातून पक्का करून घेतला होता. आपल्या राज्याच्या अॅटर्नी जनरलला (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाला) असा अधिकार कायद्याने दिलाय का, हे आमदाराला पहिल्याच पत्रात विचारा.

तिखटमीठ

धोरणाच्या कागदाबद्दल. पुष्कळ गावांची धोरणपुस्तिका 'लेक्सिपोल' नावाच्या खासगी कंपनीकडून आलेली असते, गावाचं नाव घालून. त्यामुळे शेजारच्या तीन गावांची भाषा शब्दशः सारखी दिसली तर चकित होऊ नका. वाचताना क्रियापद बघायचं. 'शॅल' असेल तर केलंच पाहिजे. 'शुड' असेल तर जमलं तर करावं. 'गोळी झाडण्याआधी शक्य असल्यास इशारा द्यावा' आणि 'इशारा दिलाच पाहिजे' यांत खटल्याची हारजीत असते.

तपासायच्या जागा: मान दाबण्यावर बंदी आहे का, चालत्या गाडीवर गोळी झाडायला मनाई आहे का, सहकारी चुकत असेल तर त्याला अडवण्याचं बंधन आहे का, आणि जखमीला मदत किती लवकर. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात. फ्लॉइड प्रकरणात मान दाबणाऱ्याबरोबरच्या बाकीच्या तिघा पोलिसांना केंद्रीय कोर्टाने वैद्यकीय मदत नाकारल्याबद्दल दोषी धरलं, आणि तिघांपैकी दोघांना शिवाय सहकाऱ्याला न अडवल्याबद्दल.

शंकासुर

म्हणजे मिनियापोलिसच्या पुस्तिकेत सहकाऱ्याला अडवायचा नियम नव्हताच?

तिखटमीठ

होता की! २०१६ पासून. तरी साडेनऊ मिनिटं कुणी हललं नाही. फ्लॉइडची मान दाबणाऱ्या डेरेक शॉविनवर आधी दीड डझनाच्या आसपास तक्रारी होत्या, शिक्षा म्हणाल तर लेखी समज. नियम मोडून काही होत नाही हे खात्यातल्या पोराटोरालाही ठाऊक असेल तर पुस्तिका कपाटात शोभेला राहते. आणि 'काही का होत नाही' याचं उत्तर करारात असतं.

गल्लीकर

बरोब्बर, करारावरच येतो. हा या धाग्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी कागद आहे.

साधारण साठ ते शंभर पानं. पगार, रजा, गणवेशाचा भत्ता ही पानं सोडून द्या. शिस्तभंगाचं प्रकरण काढा आणि पाच कलमं शोधा. एक, घटनेनंतर पोलिसाचा जबाब घ्यायला किती तास थांबायचं. काही करारांत ४८ तास असतात. दोन, जबाबाआधी त्याला व्हिडिओ आणि साक्षी दाखवायच्या का. तीन, जुन्या शिक्षा किती महिन्यांनी फाइलमधून काढून टाकायच्या. त्या निघाल्या की पुढची चूक कागदावर 'पहिलीच' ठरते. चार, निनावी तक्रार घेतात का आणि तक्रारीला मुदत किती. पाच, लवाद. प्रमुखाने काढून टाकलेला पोलिस लवादापुढे जातो, लवाद 'यापूर्वी अशाच चुकीला तुम्ही फक्त समज दिली होती' म्हणतो, आणि माणूस मागच्या पगारासकट परत येतो. म्हणजे आधीची ढिलाईच पुढच्या ढिलाईचा पुरावा!

घोळ होतो तो वेळेचा. लोक करार मंजुरीला येतो त्या सभेला जातात. तोवर वाटाघाटी संपलेल्या असतात, आणि त्या बंद दाराआड झालेल्या असतात. पहिल्या पानावर कराराची शेवटची तारीख असते. तिच्या वर्षभर आधी नगरसेवकाला भेटायचं आणि 'शहराच्या मागण्यांत या तीन कलमांचा बदल आहे का' हे लेखी विचारायचं. तारीख उलटली तरी नवा करार होईपर्यंत बहुधा जुनाच चालू राहतो, त्यामुळे 'करार संपला' या बातमीवर हुरळून जाऊ नका.

मूषक

पोलिस एका गावातून निघून दुसऱ्या गावात लागतात त्याचं काय?

कलम१९८३

क्लीव्हलँडचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये बारा वर्षांच्या टामिर राइसवर ज्या पोलिसाने गोळी झाडली, त्याच्याबद्दल आधीच्या छोट्या गावाच्या खात्याने तो या कामाला लायक नाही असं फाइलीत लिहून ठेवलं होतं. क्लीव्हलँडने ती फाइल मागवून पाहिलीच नाही.

यावर उपाय म्हणजे परवाना काढून घेणं, वकिलाची सनद रद्द होते तसं. बहुतेक राज्यांत ही सोय जुनी आहे. कॅलिफोर्नियात मात्र २०२१ च्या कायद्याने आली, न्यू जर्सीत २०२२ मध्ये. केंद्राने उभारलेली पोलिस-गैरवर्तनाची नोंदवही जानेवारी २०२५ मध्ये बंद केली गेली. परवाना गेलेल्यांची 'नॅशनल डीसर्टिफिकेशन इंडेक्स' ही यादी चालू आहे, पण तिच्यात नाव घालायचं की नाही हे राज्यावर आहे. तेव्हा गावाला विचारायचा प्रश्न असा: नव्या भरतीआधी ती यादी बघणं आणि मागच्या खात्याची पूर्ण फाइल मागवणं सक्तीचं आहे का?

आकडेमोड

आता आकडे. इथे भलेभले आपटतात.

'गावात कृष्णवर्णीय २० टक्के, अडवलेल्यांत ४० टक्के, म्हणजे भेदभाव सिद्ध', हे युक्तिवाद म्हणून कच्चं आहे. पोलिसप्रमुख लगेच म्हणेल, हायवेवरून बाहेरगावचे लोक जातात, गाडी चालवणाऱ्यांचं प्रमाण वेगळं असतं. आणि त्याचं म्हणणं चूक नसतं. फर्ग्युसनच्या अहवालातही वर दिलेल्या टक्क्यांवर भागवलेलं नाही, तपासण्या आणि बळाचा वापर वेगळा मोजलाय.

दोन बऱ्या कसोट्या आहेत. पहिली, झडतीत काही सापडण्याचं प्रमाण. समजा गोऱ्या चालकांच्या २०० झडत्यांत ५० वेळा काही सापडलं, म्हणजे २५ टक्के. कृष्णवर्णीय चालकांच्या ३०० झडत्यांत ४५ वेळा, म्हणजे १५ टक्के. दुसऱ्या गटाची झडती कमी संशयावर घेतली जातेय असा त्याचा अर्थ लागतो. इथे लोकसंख्या मधे येतच नाही. एक काळजी घ्या: अटकेनंतरची आणि गाडी जप्त झाल्यावरची झडती वगळा, कारण ती नियमाने घ्यावीच लागते. संमतीने घेतलेल्या झडत्या वेगळ्या काढल्यात तर चित्र आणखी स्वच्छ होतं.

दुसरी कसोटी अंधाराची. संध्याकाळी सात वाजता जूनमध्ये उजेड असतो, डिसेंबरमध्ये अंधार. वेळ तीच, रस्त्यावरची माणसं साधारण तीच, फक्त चालकाचा चेहरा दिसत नाही. अंधारात कृष्णवर्णीय चालकांचं प्रमाण घटलं तर उजेडात चेहरा बघून गाड्या अडवल्या जात होत्या असं म्हणायला आधार मिळतो. स्टॅनफर्डच्या 'ओपन पोलिसिंग प्रोजेक्ट'ने सुमारे दहा कोटी नोंदींवर हेच केलं आणि घट दिसली. त्यांच्या डेटाच्या फाइली फुकट उतरवता येतात. तुमचं शहर किंवा राज्य त्यात आहे का बघा. पथदिवे लख्ख असलेल्या रस्त्यांवर ही कसोटी बोथट होते, हेही ध्यानात असू द्या.

नोंदच चुकीची असेल तर दोन्ही कसोट्या फुकट. टेक्सासमध्ये राज्य पोलिस हिस्पॅनिक चालकांना 'गोरे' म्हणून नोंदवत होते, ते २०१५ मध्ये एका टीव्ही वाहिनीने उघड केलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्याची गंमत बघा: तिथे पोलिसाने वंश विचारायचा नाही, त्याला काय *वाटलं* ते लिहायचं. भेदभाव वाटण्यावरूनच होतो, त्यामुळे हे शहाणपणाचं आहे. आणि त्या फॉर्ममध्ये 'मध्यपूर्वेतले किंवा दक्षिण आशियाई' असा स्वतंत्र रकाना आहे. बऱ्याच राज्यांत आपली माणसं 'आशियाई' किंवा 'इतर'मध्ये विरघळतात. इथे ती वेगळी दिसतात.

शंकासुर

आकडे ठीक. पण पोलिसांचे हात बांधले की गुन्हे वाढतात, हे तर मान्य कराल?

आकडेमोड

सरसकट नाही. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली पोलिसांनी रस्त्यावर ६,८५,७२४ वेळा माणसं अडवली. २०१३ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी ही पद्धत ज्या तऱ्हेने चालली होती ती घटनाबाह्य ठरवली. २०१८ मध्ये आकडा ११ हजारांच्या आसपास आला. त्याच काळात शहरातले वर्षाचे खून ५१५ वरून २९५ वर उतरले. अडवणं कमी केल्यामुळे खून घटले असं मी म्हणत नाही. अडवणं थांबवलं तर आकाश कोसळेल हे भाकीत खोटं ठरलं, एवढंच.

तुमच्या बाजूचंही सांगतो: २०२० मध्ये देशभरात खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, आणि ज्या शहरांनी पोलिस बजेटला हात लावला नाही तिथेही वाढले. २०२२ पासून पुन्हा घसरू लागले. एका कारणाने या चढउताराचा उलगडा करणारा दिसला की त्याच्याकडून गाडी विकत घेऊ नका.

एडिसनकर

कागद मागवायचा कसा, ते कुणी नीट लिहील का? आपल्या आरटीआयसारखंच ना?

कलम१९८३

तसंच, फक्त प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. केंद्राच्या कायद्याखाली अर्ज करायची पहिली चूक टाळा, गावचे पोलिस त्यात येत नाहीत. मुदती: इलिनॉयला ५ कामकाजाचे दिवस, न्यू जर्सीला ७, कॅलिफोर्नियाला १० दिवस. न्यूयॉर्कमध्ये ५ कामकाजाच्या दिवसांत निदान पोच द्यावी लागते.

अर्ज चार ओळींचा लिहा. 'पोलिसांच्या गैरवर्तनाची सगळी कागदपत्रं' असं मागाल तर 'फारच मोघम' म्हणून परत येईल. त्याऐवजी: '१ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातल्या वाहन अडवणुकीच्या सर्व नोंदी, प्रत्येक नोंदीचा वेळ, ठिकाण, कारण, वंश, झडती आणि निष्पत्ती या रकान्यांसह, एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात.' स्वरूप लिहिलं नाहीत तर स्कॅन केलेल्या पीडीएफची चळत हाती येते. खर्च ठरावीक रकमेपुढे गेला तर आधी कळवा, हेही लिहा. नाकारलं तर कुठल्या कलमाखाली ते मागा आणि अपील करा. इलिनॉयमध्ये ६० दिवसांत अॅटर्नी जनरलच्या पब्लिक अॅक्सेस काउन्सेलरकडे जाता येतं, वकिलाशिवाय.

एका अर्जाने काय होतं ते शिकागोत दिसलं. लॅक्वान मॅकडॉनल्ड या कृष्णवर्णीय मुलाला ऑक्टोबर २०१४ मध्ये पोलिसाच्या १६ गोळ्या लागल्या. शहराने कुटुंबाला ५० लाख डॉलर दिले, व्हिडिओ मात्र दाबून ठेवला. एका मुक्त पत्रकाराने माहितीचा अर्ज केला, नाकारल्यावर कोर्टात गेला, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हिडिओ बाहेर आला. त्याच दिवशी गोळ्या झाडणाऱ्या पोलिसावर खुनाचा आरोप दाखल झाला.

एडिसनकर, न्यू जर्सीत तुमचं थोडं काम आधीच झालंय. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर बळाच्या वापराच्या नोंदी गावागावानुसार दिसतात. अर्ज करण्याआधी तिथे बघा.

मूषक

बॉडी कॅमेऱ्याने हे सगळं सुटत नाही का?

तिखटमीठ

नाही. वॉशिंग्टन शहरात २,२२४ पोलिसांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला, निम्म्यांना कॅमेरे, निम्म्यांना नाहीत. बळाच्या वापरात आणि तक्रारींत दखल घेण्याजोगा फरक आला नाही. कॅमेरा पुरावा गोळा करतो, वागणं सुधारतोच असं नाही. तेव्हा कॅमेरा आहे का, यापेक्षा चालू न केल्यास शिक्षा काय, फिल्म किती दिवस ठेवतात, कुटुंबाला किती दिवसांत दाखवतात, हे विचारा.

एडिसनकर

एच-वन-बीवर असलेल्यांनी यात कितपत पडावं?

कलम१९८३

माहितीचा अर्ज बहुतेक राज्यांत कुणीही करू शकतं. नगरपरिषदेच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही, फक्त नाव आधी नोंदवावं लागतं. मिळतात दोन ते तीन मिनिटं, म्हणून मागणी पहिल्याच वाक्यात सांगा.

जे करायचं नाही ते: ग्रीनकार्ड नसलेल्याने कुठल्याही निवडणुकीतल्या उमेदवाराला पैसे देणं बेकायदा आहे, डीए (काउंटीचा सरकारी फिर्यादी वकील) असो की शेरीफ. ग्रीनकार्डवाल्यांना चालतं. मोर्चाला जाणं हा हक्क आहे, पण नुसत्या अटकेचाही व्हिसावर परिणाम होऊ शकतो. पांगण्याचा आदेश आला की पांगा. अटक झालीच तर 'किरकोळ आहे, गुन्हा कबूल करून मोकळे व्हा' हा सल्ला इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका. कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील ते सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पाडिया खटल्यात म्हटलंय.

नागरिक झालेल्यांनी दोन कामं चुकवू नयेत. डीएची निवडणूक, जिथे मतदान इतकं कमी होतं की एका सोसायटीच्या मतांनी फरक पडावा. (न्यू जर्सी, कनेक्टिकट आणि अलास्कात डीए निवडून येत नाही.) आणि ज्युरीचं बोलावणं. 'इंग्रजी कच्चं आहे' सांगून सुटायची आपल्यात फार हौस. मग ज्युरी एकरंगी होते आणि आपणच नावं ठेवतो.

शंकासुर

स्पष्टच विचारतो. हा गोऱ्यांचा आणि कृष्णवर्णीयांचा झगडा. आपण कशाला?

गल्लीकर

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच ओकलंडच्या कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर' पक्षावरून घेतलं. आणि ज्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आपल्याला इथे यायची वाट मोकळी झाली, तो नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेवर आला. 'कशाला' हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा याचंच नवल.

व्यवहाराचं सांगायचं तर फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावी, गुजरातहून मुलाकडे आलेले एक गृहस्थ सकाळी पायी फिरत होते. शेजाऱ्याने फोन करून 'एक बारीक काळा माणूस फिरतोय' म्हणून कळवलं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा झाली. दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी तो पोलिस केंद्रीय आरोपातून सुटला. शहराने २०२१ मध्ये १७ लाख ५० हजार डॉलर दिले.

तिखटमीठ

म्हणून सोसायटीच्या गटावर हे चिकटवून ठेवा: नाइन-वन-वन ला (पोलिसांच्या तातडीच्या क्रमांकाला) फोन करण्याआधी 'हा माणूस काय *करतोय*' याचं उत्तर क्रियापदात द्या. 'दार फोडतोय' चालेल. 'उभा आहे', 'फिरतोय', 'इथला वाटत नाही' याला फोन नाही. मानसिक त्रासातला माणूस असेल आणि कुणाला इजा होण्याचा धोका नसेल तर मानसिक मदतीची हेल्पलाइन ९८८, हा क्रमांक जुलै २०२२ पासून देशभर चालतो. डेन्व्हरमध्ये २०२० पासून अशा फोनवर पोलिसाऐवजी वैद्यकीय मदतनीस आणि समुपदेशक जातात. तुमच्या गावात अशी सोय असेल तर फोन घेणाऱ्या डिस्पॅचरकडे तिचं नाव घेऊन मागा. नाव घेतलं नाहीत तर सवयीने पोलिसच येतात.

मूषक

आणि पैसे? काहीच द्यायचे नाहीत?

आकडेमोड

द्या, पण गर्दी ओसरल्यावर. २०२० मध्ये मिनेसोटातल्या एका छोट्या जामीन निधीकडे काही आठवड्यांत ३ कोटी डॉलरहून अधिक आले. मूठभर माणसांची संस्था, तिला तो पैसा लगेच वापरताही येईना आणि वर टीका झाली. संस्थेचं फॉर्म ९९०, म्हणजे वार्षिक हिशेबाचं पत्रक, प्रोपब्लिकाच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोररवर फुकट मिळतं. त्यात शिल्लक किती वर्षांच्या खर्चाएवढी आहे ते बघा. पाच वर्षांची असेल तर तुमचे शंभर डॉलर पडून राहतील. त्यापेक्षा काउंटीतल्या पब्लिक डिफेंडरच्या (गरीब आरोपींसाठीच्या सरकारी बचाव वकिलाच्या) कामाला जोडलेली छोटी संस्था निवडा आणि महिन्याला दहा डॉलर लावून टाका.

एडिसनकर

शेवटचं एक. बजेटमध्ये पोलिसांचा वाटा कुणी १२ टक्के सांगतो, कुणी ३५. खरं कुठलं?

आकडेमोड

दोन्ही असू शकतात. एकूण बजेटमध्ये पाणी, विमानतळ, वीज असे स्वतःच्या बिलांवर चालणारे विभाग असतात, त्यांचा पैसा नगरसेवकांना इकडेतिकडे फिरवता येत नाही. फिरवता येतो तो जनरल फंड, म्हणून टक्केवारी त्याची काढा. मग ओव्हरटाइमची ओळ बघा, ठरवलेली आणि झालेली, तीन वर्षांची शेजारी शेजारी. आणि खटल्यांची भरपाई पोलिसांच्या पानावर शोधत बसू नका. ती बहुधा 'रिस्क मॅनेजमेंट' किंवा 'सेल्फ इन्शुरन्स' नावाखाली वेगळी असते.